एमजीबी गरम झाली की बंद पडते, निवली की चालू होते: दोष शोधायचा कसा?

गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. स्लोला मऊ चालते, पहिले काही किलोमीटर एकही तक्रार नाही. मग पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन आचके देतं, किंवा चावी काढल्यासारखं एकदम गप्प होतं. कितीही सेल्फ मारा, घेत नाही. बोनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते आणि पुढच्या पंधरा मिनिटांत पुन्हा तेच. घरी रिस्टोअर केलेल्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये याच्याइतकं छळणारं दुखणं नाही, कारण तपासायला घ्यावी तेव्हा गाडी ठणठणीत असते.

पुढचं सगळं साध्या चार सिलिंडरच्या एमजीबीबद्दल, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या स्पोर्ट्स कारबद्दल आहे. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग), गाडीच्या मागच्या बाजूला एसयूचाच इलेक्ट्रिक पेट्रोल पंप आणि लुकास कंपनीचा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग; पॉइंट म्हणजे त्यातला उघड-मीट करणारा स्विच), अशी तिची मांडणी. ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या गाड्यांना पेट्रोल पंप इंजिनवर बसवलेला यांत्रिक असतो. त्यांच्या मालकांनी पंपाच्या विजेचा भाग सोडून द्यावा, बाकी बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

या दोषावर बहुतेक जण लगेच भाग बदलायला लागतात. आधी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), मग कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा), मग पॉइंट, मग पंप. माझं ठाम मत आहे की हा रस्ता चुकीचा आहे. एक तर आज मिळणाऱ्या नव्या कंडेन्सर आणि रोटरमध्ये (रोटर म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरून ठिणगी वाटणारा भाग) सदोष माल पुष्कळ असतो, त्यामुळे जुना दोष तसाच राहून त्यात नव्याची भर पडते. दुसरं म्हणजे, गाडी निवल्यावर बदललेला प्रत्येक भाग तेवढ्यापुरता बरोबर वाटतो, कारण निवलेली गाडी सुरू होणारच असते. दोष दिसतो तो फक्त गाडी मेलेली असतानाच्या त्या काही मिनिटांत. त्या वेळात एवढंच ठरवायचं: करंट गेलाय की पेट्रोल?

बंद पडताना काय पाहायचं

गाडी थांबायच्या आधीच निम्मं उत्तर मिळू शकतं. इंजिन जाताना क्लच दाबू नका. मागे-पुढे वाहन नसेल आणि जागा सुरक्षित असेल तर गाडी गिअरमध्येच घरंगळू द्या आणि आरपीएमच्या काट्याकडे पाहा. १९६४ पर्यंतच्या सुरुवातीच्या गाड्यांचा यांत्रिक मीटर सोडला तर एमजीबीचा हा मीटर कॉइलच्या लो टेन्शन (कमी व्होल्टेजच्या) बाजूच्या ठोक्यांवर चालतो. चाकं इंजिनाला फिरवत असेपर्यंत पॉइंट उघड-मीट करतच असतात, म्हणजे ठोके चालू असायला हवेत. इंजिन फिरत असूनही काटा धाडकन शून्यावर आला, तर लो टेन्शनचा मार्ग कुठेतरी तुटला आहे: इग्निशन स्विच, कॉइलला येणारी पांढरी वायर, कॉइलचं आतलं पहिलं वेटोळं, पॉइंट, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला, तर तो मार्ग शाबूत आहे. मग हाय टेन्शन (कॉइलपासून प्लगपर्यंतचा जास्त व्होल्टेजचा मार्ग) किंवा पेट्रोल, या दोनच शक्यता उरतात.

बंद पडण्याची तऱ्हाही बोलकी असते. चावी काढल्यासारखं झटक्यात गेलं तर बहुधा करंट. चढावर ताकद कमी होत गेली, आचके बसले, कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज आला आणि मग इंजिन गेलं, तर बहुधा पेट्रोल. यावर एक सोपी परीक्षा आहे. आचके सुरू होताच चोक थोडा ओढा. एसयूमध्ये चोक ओढला की जेट खाली सरकतो आणि मिश्रणात पेट्रोल वाढतं. तेवढ्याने इंजिन क्षणभर सावरलं तर त्याला पेट्रोल कमी पडतंय, इतकं नक्की.

थांबल्यावरची पहिली पाच मिनिटं

त्यासाठी गाडीत काही गोष्टी कायम हव्यात: टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, इन्सुलेटेड मुठीची पकड, फ्यूज लावलेली दोन मीटरची जंपर वायर, झाकणाचा धातूचा डबा आणि अग्निशामक. शेवटची वस्तू सर्वात महत्त्वाची, कारण गरम एक्झॉस्टच्या शेजारी पेट्रोलची नळी उघडायची आहे.

क्रम पाळा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. लाल इग्निशन लॅम्प लागतो का? तो लागत नसेल आणि पंपही गप्प असेल, तर दोघांनाही पोचणारा पांढऱ्या वायरचा मार्ग गेला आहे, म्हणजे इग्निशन स्विच किंवा त्याच्या मागचं कनेक्शन. लॅम्प लागला तर पंप ऐका. ठणठणीत पंप काही ठोके देऊन थांबतो, कारण फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे छोटे साठे) भरलेले असतात. थांबायचं नाव न घेता भराभर वाजत राहिला तर तो हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी आहे. दमल्यासारखा सावकाश वाजत असेल किंवा मुळीच वाजत नसेल, तर आता टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि त्यासरशी पंप जोरात वाजू लागला, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद आहे. हे झाकण पंप ऐकल्यानंतरच उघडायचं, आधी उघडलं तर पुरावा निघून जातो.

मग करंट. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या मधली जाड वायर काढून तिचं टोक पकडीने इंजिन ब्लॉकपासून सहा मिलिमीटरवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. पिवळी, पातळ, अधूनमधून येणारी ठिणगी म्हणजे नसल्यासारखीच. आसपास पेट्रोलचा वास किंवा गळती असेल तर ही परीक्षा करू नका.

पेट्रोल सर्वात शेवटी. कॉइलला येणारी वायर आधी सोडवून ठेवा, म्हणजे ठिणगीचा प्रश्न नाही. कार्ब्युरेटरला येणारी नळी काढून डब्यात सोडा आणि चावी ऑन करा. मिनिटाला किमान अर्धा लिटर यायला हवं, चांगला पंप जवळजवळ दुप्पट देतो. धार अखंड आहे की बुडबुडे येतात, तेही पाहा.

चावी ऑन ठेवून निवांत विचार करत बसू नका. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर तेवढा वेळ कॉइलमधून करंट सतत वाहत राहतो आणि ती विनाकारण तापते.

करंट गेला असेल तर

इथे माझा पहिला संशय कंडेन्सरवर नसतो, डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या दोन छोट्या वायरींवर असतो. एक बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटकडे जाते, दुसरी पॉइंटच्या पाटीला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी अर्थ (करंटची परतीची वाट) देते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर (ठिणगीची वेळ मागे-पुढे करणारी यंत्रणा) ती पाटी सतत पुढे-मागे हलते, त्यामुळे या वायरी मुद्दाम लवचीक, बारीक तारांच्या विणलेल्या असतात. वर्षानुवर्षं हलून तारा आवरणाच्या आत तुटतात आणि वरून वायर चांगली दिसते. स्लोला पाटी एका जागी असताना टोकं टेकतात, रस्त्यावर पाटी सरकली की सुटतात. रिस्टोरेशनच्या वेळी साधी जाड वायर लावली असेल तर ती आणखी लवकर तुटते. तपासायला टोपी काढा, मल्टिमीटर ओहमवर लावा, बारीक पेचकसाने पाटी हळूहळू फिरवा आणि आकडा उडी मारतो का पाहा. ही तपासणी गाडी थंड असतानाही करता येते, म्हणून ती सर्वात आधी करावी.

त्यानंतर कंडेन्सर. लुकासच्या कंडेन्सरची क्षमता साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. थंड असताना मीटरवर ती बरोबर येते आणि गरम झाल्यावर आतलं जोडकाम सुटतं, म्हणून थंड कंडेन्सर मोजून त्याला निर्दोष ठरवू नये. अंधारात टोपी काढून सेल्फ मारताना पॉइंटवर मोठी, फटफटीत ठिणगी दिसली तर कंडेन्सर काम करत नाही. जुना, लुकासचा मूळ, चालता कंडेन्सर हाती असेल तर तो फेकू नका, तपासणीसाठी त्याच्यासारखा भरवशाचा भाग नाही.

पॉइंटची गॅप लुकासच्या २५डी४ मॉडेलच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. नव्या पॉइंटची टाच कॅमवर ग्रीस न लावता चालवली तर भराभर झिजते आणि गॅप मिटत जाते. इंजिन बंद पडल्या पडल्या फिलर गेज घालून मोजा, थंड झाल्यावरचं माप या कामाचं नाही.

कॉइलच्या वायरीला ठिणगी जोरदार येते पण प्लगला येत नाही, असं असेल तर रोटर. मधून लांब रिव्हेट ठोकलेले काही नवे रोटर आतून फुटतात आणि ठिणगी प्लगकडे न जाता रिव्हेटमधून खालच्या दांड्यात उतरते. टोपी काढून रोटर जागेवर ठेवा, कॉइलच्या जाड वायरीचं टोक रोटरच्या पितळी माथ्यापासून तीन मिलिमीटरवर धरा आणि चावी ऑन ठेवून पॉइंट हाताने उघडा. पॉइंटच्या धातूला हात लागू देऊ नका, इन्सुलेटेड पेचकस वापरा. रोटरच्या माथ्यावर ठिणगी उडाली तर रोटर अर्थ होतोय. चांगल्या रोटरवर ती उडायला कारणच नाही. बदली घेताना रिव्हेट नसलेला रोटर घ्या.

कॉइल खरोखर जाते, पण लोक म्हणतात तितकी नाही. बऱ्याचदा चुकीची कॉइल बसवलेली असते. साध्या सर्किटच्या गाडीला तीन ओहमच्या आसपासची कॉइल लागते. रबर बंपरच्या गाड्यांना बॅलस्ट सर्किट आहे, म्हणजे कॉइलच्या वाटेत एक जादा रेझिस्टन्स आहे, त्यांची कॉइल दीड ओहमच्या आसपासची असते. दीड ओहमची कॉइल बॅलस्ट नसलेल्या गाडीला लावली तर ती हात ठेववणार नाही इतकी तापते, आणि दोष अगदी याच पंधरा मिनिटांच्या चालीने येतो. बॅटरी सोडवून कॉइलच्या दोन टर्मिनलमध्ये ओहम मोजा, दोन मिनिटांत फैसला होतो.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ होता (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं), हे मीटर लावताना लक्षात ठेवा. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी खूण असते. एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडची बाजू, सीबी म्हणजे पॉइंटकडची.

इग्निशन स्विचवर संशय असेल तर बॅटरीकडून येणाऱ्या फ्यूजपासून कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलपर्यंत जंपर वायर टाका. गाडी लगेच सुरू झाली आणि चालत राहिली तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या पांढऱ्या वायरीत. जंपर असताना चावीने इंजिन बंद होणार नाही, तेव्हा वायर पटकन काढता येईल अशी लावा. ही परीक्षा आहे, कायमचा उपाय नव्हे.

पेट्रोल येत नसेल तर

रिस्टोअर केलेल्या गाडीत इथे एक कारण वारंवार सापडतं, आणि ते रिस्टोरेशन छान झाल्यामुळेच येतं. पंपाची काळी अर्थ वायर बॉडीला जिथे टेकते तिथे नवा, जाड, सुंदर रंग बसलेला असतो. बोल्ट आवळताना रंगाला जेवढी चीर गेली तेवढ्यातून करंट वाहतो, ती जागा तापते, अडथळा वाढतो आणि पंपाची ताकद जाते. पंप वाजत असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग पंपाच्या दोन टोकांवर मोजा. एका व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत चोरी होतेय. ती कुठे होते हे पाहायला मीटरचं एक टोक पंपाच्या अंगावर आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या खांबावर ठेवा. तिथे अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी दोष अर्थमध्ये आहे. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वायसर घाला, आवळा आणि वरून ग्रीस लावा. अर्थ ठीक निघाला तर पांढऱ्या वायरीवरचे गोळीसारखे जोड तपासा. ओल लागून ते आतून हिरवे पडतात. प्रत्येक जोड सोडवून घासून परत बसवायचा, बाहेरून पाहून समाधान मानायचं नाही.

याच ओघात इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड अर्थ पट्टीही पाहून घ्या. इंजिन परत बसवताना ती राहून गेली तर सेल्फचा सगळा करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलींमधून परतीची वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर दुसरा पुरावा नको.

पंप गप्प असताना त्याच्यावर लाकडी मुठीने हलकी टिचकी मारल्यावर तो सुरू होत असेल तर त्याचे पॉइंट जळलेत. पंपाला पूर्ण व्होल्टेज पोचतंय, धार मात्र बारीक, असं असेल तर टाकीकडे वळा. जुन्या टाकीला आतून सीलर लावला असेल तर त्याचे पापुद्रे सुटून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी चिकटतात. गाडी थांबली, ओढ थांबली की पापुद्रा खाली पडतो आणि गाडी परत सुरू होते. हा दोष तापमानाशी संबंधित वाटतो, पण नसतो. खात्री करायची असेल तर नळी पंपाच्या आधी सोडवून टाकीच्या दिशेने हलकी हवा मारा, टाकीचं झाकण उघडं ठेवून. त्यानंतर गाडी जास्त वेळ चालली तर कचरा टाकीत आहे. जुन्या रबरी नळ्याही याच प्रकारात येतात: इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने आतलं अस्तर फुगतं, सुटतं आणि झडपेसारखं तोंड झाकतं. वर्षानुवर्षं बसलेली नळी दिसली की इथेनॉल सोसणारी नवी घाला, तपासत बसू नका.

टाकीचा श्वास बंद असण्याचं कारण बहुधा झाकण असतं. सुरुवातीच्या एमजीबींचं झाकण हवा आत घेणारं होतं. बाष्प अडवण्याची यंत्रणा असलेल्या नंतरच्या गाड्यांना बंद झाकण असतं आणि टाकी नळीने कोळशाच्या डब्यातून श्वास घेते. बंद झाकण जुन्या गाडीला लागलं, किंवा नव्या गाडीचा तो डबा काढून नळीचं तोंड बुजवलं, की टाकीत पोकळी तयार होते. टाकी भरलेली असताना वर हवा कमी, म्हणून दोष लवकर येतो. अर्ध्या टाकीवर उशिरा.

उष्णतेने पेट्रोल उकळतंय का?

करंट आहे, पंपही ठीक आहे, तरी हाच त्रास असेल तेव्हाच इकडे या. बी-सिरीजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, म्हणजे कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्टच्या वर टांगलेले. त्यांच्यामधली उष्णतारोधक पाटी आणि मॅनिफोल्डजवळचे जाड इन्सुलेटर रिस्टोरेशनमध्ये गहाळ झाले असतील तर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. याची चाल वेगळी असते. वेगात जाताना त्रास नाही, रांगेत अडकल्यावर किंवा दहा मिनिटं थांबून परत निघताना त्रास. गाडी सुरू होते, थोडी चालते आणि मग अडखळते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर काळा धूर टाकत सुरू झाली आणि प्लग ओले निघाले, तर पेट्रोल उकळून इनटेकमध्ये सांडलं होतं.

एमजीबीचा पंप मागे असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. त्यामुळे नळीतल्या वाफेने वाट अडण्याचा प्रकार, इंजिनावरच्या पंपाच्या गाड्यांच्या मानाने, इथे कमी दिसतो. रस्त्यात बंद पडलेल्या प्रत्येक एमजीबीचं खापर वाफेवर फोडलं जातं ते मला पटत नाही. ठिणगी आणि धार पाहिल्याशिवाय नळ्यांना आवरणं गुंडाळण्यात वेळ घालवू नये.

घरीच दोष जागा करता आला तर

रस्त्यावर जाऊन दोषाची वाट पाहण्यापेक्षा हे बरं. इंजिन स्लोला चालू ठेवा आणि हेअर ड्रायरने एका वेळी एकच भाग तापवा: आधी कॉइल, ती निवू द्या, मग डिस्ट्रिब्युटरचं अंग. कार्ब्युरेटरच्या आसपास ड्रायर नेऊ नका. कॉइल तापवल्यावर इंजिन मेलं, तर ओला फडका तिच्यावर गुंडाळा. दोन मिनिटांत परत सुरू झालं की दोषी सापडला. स्लोला काहीच होत नसेल तर टायमिंग लाइटची (प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) पकड कॉइलच्या जाड वायरीवर लावा, दिवा विंडस्क्रीनच्या खाली दिसेल असा घट्ट बांधा, त्याच्या वायरी पंख्यापासून लांब ठेवा आणि गाडी फिरवून आणा. शेजारी बसलेल्याने दिव्याकडे पाहायचं, चालवणाऱ्याने रस्त्याकडे. इंजिन जाताना दिवा विझला तर करंट. दिवा लुकलुकत राहिला आणि इंजिन गेलं, तर पुढच्या फेरीला पकड पहिल्या प्लगच्या वायरीवर लावायची. तिथेही दिवा शेवटपर्यंत जिवंत राहिला तर करंटचा विषय मिटला, पंपाकडे आणि टाकीकडे चला.

दोष सापडला आणि भाग बदलला, तरी जुना भाग लगेच फेकू नका. नव्यावर गाडी तासभर चालवा, गरम असतानाच दहा मिनिटं बंद ठेवून परत सुरू करा, रांगेतल्यासारखी उभ्या जागी चालवा. एवढं निभावलं की जुना भाग परत बसवून त्याच रस्त्याने न्या. दोष परत आला तरच तुम्ही खरं कारण काढलं आहे. जुन्या भागावरही गाडी छान चालली, तर भाग काढता-घालताना हललेला एखादा जोड सुधारला होता, आणि तो कोणता हे आता त्याच्या आसपासच्या प्रत्येक टर्मिनलवर जाऊन पाहायचं.